इंटरचेंजखालून चालत आणि सायकलवर जाणाऱ्यांसाठी नेमकं काय मागायचं?

पायवाट
वरून वेगवान महामार्ग, खालून वस्तीतला रस्ता आणि दोघांना जोडणारे चार रॅम्प. अशा इंटरचेंजबद्दलची बहुतेक निवेदनं एकाच वाक्यावर येऊन थांबतात: 'येथे पादचारी व सायकलस्वारांसाठी सुविधा करावी.' या वाक्याला 'पाहणी करून उचित कार्यवाही करू' एवढं उत्तर पुरतं आणि कागद फाइलीत जातो. हा धागा नेमक्या मागण्यांसाठी आहे. किती मीटर, किती सेकंद, कोणत्या रॅम्पच्या तोंडाशी, हे लिहूया. वाहतूक डावीकडून चालते असं धरलंय. जिथे उजवीकडून चालते तिथल्यांनी दिशा उलट वाचाव्यात.

माझं म्हणणं आधीच मांडतो. लोकांचं लक्ष मधल्या सिग्नलकडे असतं, पण खरा धोका रॅम्पच्या तोंडाशी असतो, कारण तिथे गाडीला थांबावंच लागत नाही.

महामार्गावरून उतरणारा रॅम्प घ्या. चालक बराच वेळ ताशी ८०-१०० किलोमीटरच्या वेगात होता. ५० वर आल्यावरही त्याला आपण रांगतोय असं वाटतं, कारण डोळ्यांना वेगाची सवय झालेली असते. खाली फ्री लेफ्ट आहे, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मोकळीक. त्याची मान उजवीकडे वळलेली, नजर खालच्या रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांमधली फट शोधतेय आणि चाक मात्र डावीकडे वळत पुढे सरकतंय. झेब्रावर डावीकडून पाऊल टाकणारा माणूस त्या क्षणी त्याच्या नजरेत कुठेच नाही. चालकाने मान परत फिरवली तेव्हा गाडीचं नाक झेब्रावर आलेलं असतं.

चढणाऱ्या रॅम्पवर प्रकार वेगळा. सायकल सरळ जातेय, शेजारची गाडी डावीकडे रॅम्पवर वळतेय. चालकाने वेग वाढवायला सुरुवात केलेली असते आणि सायकलचा वेग तो कमी धरतो. ट्रक असेल तर सायकल केबिनच्या डाव्या कोपऱ्याखाली, आरशातही न दिसणाऱ्या जागी.

आखणीदार
पायवाट, सहमत. याचं मूळ वळणाच्या त्रिज्येत आहे. ५० मीटर त्रिज्येचं वळण गाडी ४० च्या वेगात आरामात घेते. तीच त्रिज्या १५ मीटर केली की वेग आपोआप २५ च्या आसपास येतो. फलक लावून हे होत नाही, कडेचा दगड हलवला की होतं.

आकडे निवेदनात घालायचे असतील तर हे घाला. कोरड्या रस्त्यावर, चालकाला भान यायला एक सेकंद धरला, तर ५० च्या वेगातली गाडी थांबायला साधारण २८ मीटर लागतात आणि ३० च्या वेगातली १३ मीटरमध्ये थांबते. ५० च्या वेगात धडकेची ऊर्जा ३० च्या जवळजवळ पावणेतीन पट असते. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही वापरा: सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

'एवढ्या लहान वळणातून ट्रक कसा जाणार?' हा प्रश्न बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत येतो. उत्तर तयार ठेवा. कारसाठी कडा लहान त्रिज्येची, आणि तिच्या आत खडबडीत दगडी पट्टा, ५ ते ७ सेंटीमीटर उंच. कार त्यावर चढायचं टाळते, ट्रकची मागची चाकं त्यावरून जातात. हा पट्टा पादचाऱ्यांच्या उभं राहण्याच्या जागेत येता कामा नये. रंग आणि पोत दोन्ही वेगळे हवेत, नाहीतर लोक त्यालाच फुटपाथ समजून उभे राहतात. आराखड्यावर सर्वांत मोठ्या वाहनाच्या चाकांचा माग काढून मागा, आणि अग्निशमन गाडीचाही. अग्निशमन दलाशी आधीच बोललेलं असलं की पुढे त्यांच्या नावाने कुणी मागणी अडवत नाही.

उड्डाण
एवढी कसरत करण्यापेक्षा पादचारी पूल का मागत नाही? माणसं वर, गाड्या खाली, टक्कर होण्याचा प्रश्नच संपला.

मोजपट्टी
उड्डाण, पुलाची मागणी मनापासून होते हे मान्य, पण हिशोब करून बघा. पुलाखाली गाड्यांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची धरा, वर पुलाची जाडी. म्हणजे माणसाला साडेसहा मीटर चढायचंय. सायकल आणि चाकखुर्चीला झेपेल असा १:२० चा उतार दिला तर एका बाजूचा रॅम्प १३० मीटर लांब होतो. दोन्ही बाजू मिळून २६० मीटर, मधले विसाव्याचे सपाट टप्पे वेगळेच. महामार्गाचा सात मीटर रुंद रॅम्प ओलांडायला एवढा वळसा कोण घेईल? लोक खालूनच जातात आणि मग 'पूल असूनही वापरत नाहीत' असा शेरा त्यांच्याच माथी बसतो. जिने आणि लिफ्ट दिली तर लिफ्ट बंद पडल्या दिवशी चाकखुर्चीवाल्याचा रस्ताच बंद.

भुयारी मार्गाला चढउतार कमी लागतो. माणसाला अडीच मीटर उंची पुरते, वरचा थर धरून सव्वातीन मीटर. पण तो सरळ हवा, आत शिरण्याआधी पलीकडचं तोंड दिसायला हवं, आणि पाणी उपसणारा पंप कुणाच्या ताब्यात हे कागदावर ठरलेलं हवं.

वरून नेण्याचं चांगलं उदाहरण आहे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनजवळचं होव्हनरिंग. २०१२ मध्ये सुरू झालेला, तारांवर टांगलेला ७२ मीटर व्यासाचा गोल सायकलपूल. तिथे सायकलींचा चढ सौम्य राहावा म्हणून खालचा गाड्यांचा चौकच सुमारे दीड मीटर खाली उतरवला. वळसा आणि चढ कुणाच्या वाट्याला द्यायचा, हा निर्णय तिथे आधी झाला.

उड्डाण
१३० मीटरचा आकडा डोक्यात नव्हता. मग रॅम्पवर जमिनीच्या पातळीवरच ओलांडायचं तर सिग्नल लागेल. त्याने महामार्गावर रांग जाणार नाही का? तीही धोक्याचीच.

सिग्नलवेळ
रास्त शंका आहे, आणि अभियंत्याची खरी अडचणही हीच असते. ती झटकून टाकू नका, आकड्यांनी सोडवा.

समजा उतरणाऱ्या रॅम्पवर तासाला ६०० गाड्या येतात. म्हणजे मिनिटाला १०. एका मार्गिकेतून हिरव्यावर साधारण दोन सेकंदांना एक गाडी सुटते, म्हणजे मिनिटातले २० सेकंद पुरतात. उरलेल्या ४० सेकंदांच्या लालमध्ये सात गाड्या साठतील. गाडीमागे ७ मीटर धरले तर ४९ मीटर. गर्दीच्या झटक्याला दुप्पट धरा, १०० मीटर. रॅम्प २५० मीटर लांब असेल तर रांग महामार्गापर्यंत पोहोचत नाही. तरी भीती वाटत असेल तर रॅम्पच्या वरच्या भागात रांग ओळखणारा सेन्सर मागा. रांग तिथवर आली की रॅम्पला लगेच हिरवा मिळतो. आपल्या इंटरचेंजचे खरे आकडे घालून हाच हिशोब निवेदनाला जोडा. २,००० गाड्या असतील तर एका मार्गिकेत तो जुळणार नाही. तेव्हा दोन मार्गिका धरून करा आणि तसं लिहा.

आता माणसाची बाजू. दोन मार्गिकांचा रॅम्प म्हणजे ७ मीटर. सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या हिशोबाने सहा सेकंद. म्हातारी माणसं, लहान मूल हाताशी असलेले, यांच्यासाठी ०.८ धरा, नऊ सेकंद. एका ओलांडणीसाठी फक्त नऊ सेकंद मागतोय, हे बैठकीत मोठ्याने म्हणा. याउलट २४ मीटर रुंद रस्ता एका दमात ओलांडायचा तर १.२ ने २० सेकंद आणि ०.८ ने ३०. तिथे मध्ये दुभाजकाचा आसरा लागतोच, आणि तो किमान २ मीटर खोल हवा. सायकलच जवळजवळ १.८ मीटर लांब असते. दीड मीटरच्या आसऱ्यात उभ्या सायकलचं मागचं चाक मार्गिकेत राहतं.

आणखी एक: पादचाऱ्यांचा हिरवा गाड्यांच्या हिरव्याआधी ३ ते ७ सेकंद सुरू करणं. गाडी वळेपर्यंत माणूस झेब्राच्या मध्यावर पोहोचलेला असतो, सरळ चालकाच्या समोर. यंत्र तेच, फक्त वेळापत्रक बदलायचं. बटण दाबल्यावर किती वेळाने हिरवा येतो तेही मोजा. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबावं लागलं की लोक फट बघून निघतात.

काठी
या सगळ्यात एक गोष्ट सुटतेय. दृष्टिहीन माणूस फ्री लेफ्टवर गाडी आली की नाही हे कानाने ठरवतो. इंटरचेंजखाली वरच्या महामार्गाचा सततचा घरघराट असतो, पुलाच्या पोटावर आपटून तो घुमतो. त्यात डावीकडे वळणाऱ्या एका गाडीचा आवाज वेगळा काढता येत नाही, विजेवरची गाडी तर नाहीच. म्हणून सिग्नल नसलेलं फ्री लेफ्ट या माणसाला नुसतं अवघड नसतं, पूर्ण बंद असतं. मागणीत हे स्वतंत्र लिहा: आवाज देणारा सिग्नल, आवाज भोवतालच्या गोंगाटाप्रमाणे कमीजास्त होणारा, ओलांडणीच्या तोंडाशी ठिपक्यांची फरशी, आणि ती ओलांडण्याच्या दिशेला काटकोनात. वळणाच्या गोलाईत फरशी तिरकी बसवली तर काठी टेकत चालणारा माणूस झेब्रा सोडून थेट चौकाच्या मध्याकडे निघतो. ही चूक फार ठिकाणी होते.

पायवाट
काठी, मूळ लेखात घ्यायला हवं होतं हे. मागण्यांच्या यादीत पहिल्या तीनात घालूया.

चाकोरी
सायकलबद्दल. चढणाऱ्या रॅम्पवर बहुतेक ठिकाणी नुसता रंग मारून मोकळे होतात: सायकलची पट्टी सरळ पुढे आणि तिला तिरकं छेदून गाड्या रॅम्पवर. हा छेदण्याचा पट्टा १०० मीटर लांब असेल तर १५ च्या वेगातली सायकल, म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर, तिथे २४ सेकंद दोन्ही बाजूंनी गाड्यांत अडकलेली असते. मागून कोण कधी वळेल हे तिला दिसत नाही.

याऐवजी सायकल मार्ग रॅम्पच्या कडेने थोडा आत वळवा आणि रॅम्प काटकोनात ओलांडू द्या. सात मीटर, चालत्या सायकलला दोन सेकंदांच्या आत, थांबून निघालेल्या सायकलला चार-पाच. २४ सेकंदांची जोखीम चार-पाचवर येते. ओलांडण्याची जागा मुख्य रस्त्यापासून एक गाडी, म्हणजे ५ मीटर आत असली की वळलेली गाडी मागच्यांना न अडवता सायकलसाठी थांबू शकते. चालकही तोवर सरळ झालेला असतो, सायकल त्याला काचेतून समोर दिसते.

कुठे बिघडतं तेही सांगतो. सायकल मार्गाचं वळण ५ मीटर त्रिज्येपेक्षा आवळलं की सायकलस्वार मार्ग सोडून गाड्यांत जातात. नाल्याच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने बसवल्या की चाक अडकतं, त्या आडव्याच हव्यात. पुलाच्या सांध्याची लोखंडी फट तिरकी ओलांडावी लागत असेल तर तिच्यावर खडबडीत पट्टी मागा. चेंबरचं झाकण वळणाच्या मध्यावर आलं तर ओल्यात हमखास घसरतं. गाड्या शिरू नयेत म्हणून खांब लावतात, त्यांच्यात दीड मीटर अंतर ठेवा. चाकखुर्ची आणि मालवाहू सायकल जाते, कार जात नाही. खांबावर परावर्तक पट्टी आणि जमिनीवर त्याच्या आधीपासून रेषा नसेल तर अंधारात तो खांबच अपघात करतो.

मोजपट्टी
मोजणीबद्दल लिहितो, कारण 'इथून चालतंच कोण?' हा प्रश्न येणारच.

कामाचे दोन दिवस, सुट्टीचा एक. सकाळ-संध्याकाळची गर्दी दोन-दोन तास, आणि एक सत्र अंधार पडल्यावर. १५-१५ मिनिटांचे रकाने. प्रत्येक रॅम्पवर वेगळा माणूस. चालणारे, सायकलवर बसलेले, सायकल हातात धरून नेणारे, मुलं, वृद्ध, चाकखुर्ची आणि बाबागाडी असे वेगळे रकाने ठेवा. सायकल उतरून नेणाऱ्यांचा रकाना विसरू नका. ती माणसं तिथे सायकल चालवायला घाबरतात हे त्या आकड्यातून दिसतं. गवतात पडलेल्या पायवाटा आणि दुभाजकाच्या तुटलेल्या कठड्याच्या जागा नकाशावर टाका. आणि जवळच्या बसथांब्यावर बसा: फक्त इंटरचेंज पार करायला एका थांब्यापुरते बसमध्ये चढणारे किती, ते मोजा. चालणाऱ्यांच्या मोजणीत हे लोक कधीच येत नाहीत.

वेगासाठी महागडं यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर दोन खुणा. १८० ला सेकंदांनी भागा, वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो: ३.६ सेकंद म्हणजे ५०, साडेचार म्हणजे ४०, सहा म्हणजे ३०. ज्या गाडीपुढे दुसरी गाडी नाही अशाच घ्या, किमान १००. वेग चढत्या क्रमाने लावा आणि शंभरातला ८५ वा आकडा वाचा, म्हणजे ८५ टक्के गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो. अभियंते सरासरीपेक्षा हाच आकडा बघतात.

चुका दोन होतात. एकाच जागी उभं राहून दोन्ही खुणा तिरक्या नजरेने बघितल्या की अंतर चुकतं. एक तर प्रत्येक खुणेच्या बरोबर समोर एकेक जण उभा करा, नाहीतर उंचावरून चित्रीकरण करून फ्रेम मोजा. दुसरं, चमकदार जाकीट घालून कडेला उभं राहू नका. चालक वेग कमी करतात आणि तुमचे आकडे खोटे पडतात.

पिवळा_दिवा
उजेडाबद्दल दोन ओळी. झेब्राच्या बरोबर डोक्यावर किंवा पलीकडे दिवा असेल तर माणूस चालकाला काळी आकृती दिसतो. दिवा गाडी येते त्या बाजूला, झेब्राच्या थोडा अलीकडे हवा, म्हणजे प्रकाश माणसाच्या चालकाकडच्या अंगावर पडतो. आणि पुलाखालचे दिवे दिवसाही सुरू हवेत. लख्ख उन्हातून पुलाच्या सावलीत शिरल्यावर चालकाच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि नेमक्या त्या क्षणी झेब्रा येतो.

उड्डाण
अपघातांची नोंद कुठून मिळवायची? आणि ती पुरते का?

आखणीदार
पोलिसांकडून मागील ३ ते ५ वर्षांची मागा, पण तिच्यावरच विसंबू नका. नोंदीत बहुधा फक्त इंटरचेंजचं नाव असतं, कोणता रॅम्प ते नसतं. शिवाय लोकांनी जागा टाळायला सुरुवात केली की अपघातही कमी दिसतात. म्हणून थोडक्यात टळलेल्या धडका मोजा. माणूस एका जागेवरून पुढे सरकला आणि गाडी त्याच जागी पोहोचली, यातला वेळ दीड सेकंदापेक्षा कमी असेल तर ती नोंद घ्या. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात ३७ किंवा त्याहून कमी फ्रेम. चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक पुसट करूनच चित्रफीत कुणाला द्या.

आता कागदाचं. मोठा अडथळा हद्दीचा असतो. महामार्ग एका यंत्रणेचा, खालचा रस्ता स्थानिक संस्थेचा, सिग्नलचं वेळापत्रक तिसऱ्याच्या हातात, पुलाखालचा दिवा चौथ्याचा. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून पहिलं पत्र मागणीचं लिहू नका, हद्दीचा नकाशा मागणारं लिहा. त्यावर प्रत्येक खांब, दिवा, कडा कुणाची ते रंगवा. मग प्रत्येकाला फक्त त्याच्या हद्दीतली मागणी, आणि सगळ्यांची प्रत सगळ्यांना.

नवीन काम असेल तर सुरक्षा परीक्षणाचा अहवाल मागा, आणि प्रत्येक त्रुटीवर आराखडा करणाऱ्याने दिलेलं लेखी उत्तरही. हे परीक्षण नियोजनापासून रस्ता खुला होईपर्यंत टप्प्याटप्प्याने होतं, आणि वापरात असलेल्या रस्त्याचंही करता येतं. निविदा निघाल्यावर कडेचा दगड हलवणं फार जड जातं. त्यामुळे तपशीलवार आराखड्याच्या आधीच हजर राहा.

जुन्या इंटरचेंजवर संधी डांबरीकरणाच्या वेळी येते. सगळ्या रेषा तेव्हा नव्याने मारायच्याच असतात. मार्गिका २० सेंटीमीटरने अरुंद करणं, थांबण्याची रेषा झेब्रापासून मागे घेणं, हे त्या वेळी जवळपास त्याच खर्चात होतं. त्याआधी दोन महिने तुमचं रेखाचित्र त्यांच्या टेबलावर पाहिजे.

सिग्नलवेळ
भर घालतो. कायमचं बांधकाम मागण्याआधी तात्पुरती चाचणी मागा. फ्री लेफ्टची कडा रबरी कर्ब (कडेचे ठोकळे) आणि वाकणाऱ्या खांबांनी आवळायची, सहा आठवडे ठेवायची, आधी आणि नंतर त्याच जागी, त्याच वेळी वेग मोजायचा. पहिल्या आठवड्याचे आकडे घेऊ नका, चालक तेव्हा गोंधळलेले असतात. खांब सारखे तुटत असतील तर कोणता खांब, कोणत्या बाजूला पडला याची नोंद ठेवा. मोठ्या गाड्यांचा माग कुठे चुकलाय ते त्यावरून कळतं.

पायवाट
हद्दीचा नकाशा आल्यावर मागण्यांच्या पहिल्या पत्रात कोणत्या तीन मागण्या, यावर माझा क्रम असा. एक, उतरणाऱ्या रॅम्पच्या फ्री लेफ्टवर आवाजासह सिग्नल, पादचाऱ्यांना नऊ सेकंद आणि आधी सुरू होणारा हिरवा. दोन, त्याच वळणाची त्रिज्या तात्पुरत्या कर्बने १५ मीटर. तीन, चढणाऱ्या रॅम्पवर सायकलसाठी काटकोनातली ओलांडणी, झेब्रासह १० सेंटीमीटर उंचावलेली. एक पान मजकूर, एक रेखाचित्र, मागे मोजणीचा तक्ता.

आणि छायाचित्रं काढताना कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण १ मीटरवर धरा. मोठ्या माणसाच्या उंचीवरून मोकळी दिसणारी जागा तिथून झुडूप, कठडा आणि सिग्नलच्या पेटीने पूर्ण झाकलेली निघते. झुडूप ६० सेंटीमीटरपर्यंत छाटणं आणि पेटी दोन मीटर मागे घेणं, ही मागणी त्याच छायाचित्राखाली लिहा.

काठी
पेटी मागे घेताना ती फुटपाथच्या मध्यावर येणार नाही एवढं बघा. चालण्यासाठी सलग १.८ मीटर मोकळं राहायला हवं, म्हणजे दोन चाकखुर्च्या एकमेकींना ओलांडून जातात. रेखाचित्रावर हे अंतर आकड्यात लिहा. आकडा नसला की जागेवर काम करणारा पेटी सोयीची वाटेल तिथे बसवतो.